न समजल्याचा धडा

द्वारकाबाईंचा इंग्रजीचा वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा, हे तपासनीस साहेब ठरवणार होते. त्यांनी चौथीतल्या येसूला फाडफाड इंग्रजीत प्रश्न विचारले. पहिल्याला ती म्हणाली, "पार्डन, सर?" दुसऱ्याला, "आय डोन्ट फॉलो." तिसऱ्याला, "आय अ‍ॅम कन्फ्यूज्ड, सर. स्लोली, प्लीज."

"बाई, फक्त समजलं नाही एवढंच सांगायला शिकवलंत?" साहेब कडाडले.

"हो साहेब, आधी तेच शिकवलं. सकाळी तुमच्या इंग्रजी भाषणाला आमचे हेडमास्तर तासभर मान डोलावत होते. काय समजलं, ते त्यांना विचारा."

साहेब दाराशी उभ्या हेडमास्तरांकडे वळले. हेडमास्तर घाम पुसू लागले.

येसू हेडमास्तरांना हळूच म्हणाली, "सर, घाबरू नका. आय डोन्ट फॉलो म्हणा."

साहेबांना हसू आवरेना. वर्ग चालू राहिला. दुसऱ्या दिवसापासून मागच्या बाकावर हेडमास्तरही येऊन बसू लागले.