न उघडलेली गाडी

डोंगरापलीकडे एक गाव होतं आणि त्या गावात घरटी एक गाडी होती. गाडी म्हणजे तळहातावर मावेल एवढी. चावडीत एक लांबलचक, वळणावळणाचा लाकडी रस्ता मांडलेला होता. रस्त्यात खाचा कोरलेल्या होत्या, खाचांच्या कडेला पोलादी पट्ट्या होत्या आणि पट्ट्यांतून वीज खेळत असे. गाडीच्या पोटाखालची जीभ खाचेत बसवायची आणि हातातली कळ दाबायची, की गाडी धावू लागे. कळ जास्त दाबली की जोरात, सैल सोडली की हळू.

सुगी संपली की शर्यत होई. पंचवीस फेऱ्या. खाचेतून बाहेर पडलेली गाडी बाद. आणि सलग तीन वर्षं बाद झालेली गाडी चावडीतल्या काचेच्या कपाटात जाई. तिच्यापुढे बनवणाऱ्याचं नाव सुरेख अक्षरांत लिहीत. जागा मानाचीच होती, पण तिथे गेलेली गाडी पुन्हा कधी धावत नसे.

या गावात दोन भाऊ एका घरात राहत. थोरला गाडी बनवी, धाकटा कळ धरी. एका हिवाळ्यात थोरला तापाने गेला.

त्या गावाची एक रीत होती. गाडी बनवणारा गेला की वर्षभर त्याची गाडी उघडायची नाही. धाकट्याने ती पाळली. त्या वर्षी गाडी चावडीच्या विहिरीजवळच्या वळणावर घसरली आणि बाद झाली.

वर्ष उलटलं, तरी धाकट्याने गाडी उघडली नाही. रोज संध्याकाळी तो ती घरातल्या छोट्या रस्त्यावर चार फेऱ्या पळवी. तिचा बारीक गुणगुणता आवाज आला की त्याला घर भरल्यासारखं वाटे. घसरू नये म्हणून त्याने एवढंच केलं, की बाहेरून पोटाला दोन मोठी चुंबकं चिकटवली. पोलादी पट्ट्या चुंबकाला ओढून धरतील, असा त्याचा हिशेब.

दुसऱ्या वर्षीच्या शर्यतीत हा हिशेब नऊ फेऱ्या टिकला. दहाव्या फेरीत त्याच वळणावर गाडी उडाली ती थेट कारभाऱ्याच्या पागोट्यात जाऊन पडली.

“गाडी नव्हे, टोळ पाळलाय यानं!” कारभारी म्हणाला. चावडी हसली. धाकटाही हसला, पण उशिरा.

तिसऱ्या वर्षी शर्यत आठ दिवसांवर आली. धाकटा सरावाला चावडीत गेला, तर गाडी पाचव्याच फेरीला उडाली. पलीकडच्या खाचेवर घड्याळवालीची गाडी फिरत होती. ही बाई नवऱ्यामागे त्याचं घड्याळांचं दुकान चालवी आणि गेली चार वर्षं शर्यतही तीच जिंकत होती. तिने त्याची गाडी उचलून दिली आणि देताना मागच्या चाकावर नख रुतवून पाहिलं.

“भावजी, हे टायर आहेत का खडीसाखर?”

“दादानं घातलेत ते.”

“घातले तेव्हा रबर होतं. आता वाळून दगड झालाय. वरचा थर घासून काढा, आतलं अजून मऊ असेल. आणि ही चुंबकं कुणाची अक्कल?”

“माझी. धरून ठेवतात ना गाडीला?”

“ठेवतात, आणि सोडतात तीही एका दमात. रबर आधी सांगतं, आता घसरते बरं का, कळ सोड. चुंबक काही सांगत नाही.”

धाकट्याने गाडी हातात फिरवून पाहिली. मग म्हणाला, “वहिनी, उघडली की ती त्याच्या हातची राहणार नाही.”

“मग कपाटात ठेवा. तिथं अगदी त्याच्या हातची राहील,” ती म्हणाली आणि आपल्या गाडीकडे वळली.

घरी येऊन त्याने गाडी पाटावर ठेवली. दोन दिवस ती तशीच होती. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने पोटाखालचे स्क्रू फिरवले आणि वरचं टोपण उचललं.

गाडी उजेडात धरून त्याने आत पाहिलं. वजनासाठी लावलेला शिशाचा तुकडा आधी पुढे होता, मग मध्ये आणला होता, मग मागे. प्रत्येक जागी जुन्या सरसाचा डाग होता. स्क्रूची पाच भोकं बुजवून सहावं पाडलेलं होतं. आसाला तीन वेळा कानस लागली होती. कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलं होतं: यंदा स्क्रू अर्धा आटा सैल. त्याखाली वेगळ्या वर्षीचं: नको, पाऊण.

थोरल्याने ही गाडी एकदाही होती तशी ठेवली नव्हती.

धाकट्याने चुंबकं काढली. पॉलिश कागद पाटावर ठेवून त्यावर चाकं फिरू दिली. काळी पूड पडली आणि खालचं मऊ रबर दिसलं. दातेरी चाकांतला मळ काढून तेलाचा एक थेंब सोडला. टोपण बसवताना स्क्रू पाऊण आटा सैल ठेवला, म्हणजे वळणावर टोपण जरासं डुलेल आणि चाकं रस्ता सोडणार नाहीत.

मग त्याने गाडी पळवली. गुणगुण गेली होती. आता जाडसर आवाज येत होता, वर टोपणाची खुळखुळ. त्याने पुन्हा एकदा पळवून पाहिली. जुना आवाज आला नाही. त्याने गाडी बंद केली आणि हात धुऊन जेवायला बसला.

शर्यतीच्या दिवशी कारभाऱ्याने पागोटं काढून मांडीखाली घेतलं. लोक हसले. गाड्या सुटल्या.

विहिरीजवळच्या वळणावर धाकट्याची गाडी मागून किंचित सरकली. त्याच्या बोटाला ते कळलं आणि त्याने कळ सोडली. दहावी फेरी गेली, पंधरावी गेली. विसाव्या फेरीला घड्याळवाली त्याला मागे टाकून निघून गेली. मागे लागावं असं त्याच्या बोटाला वाटलं, पण वळण आलं होतं. त्याने कळ सोडली. पंचवीस फेऱ्या पुऱ्या झाल्या तेव्हा त्याचा नंबर सहावा होता. शेवटपर्यंत टिकलेल्या आठांतला सहावा.

“सुटलात की कपाटातून,” घड्याळवाली म्हणाली. “आता ती अशीच ठेवणार ना?”

“पुढची चाकं जड वाटतात,” धाकटा म्हणाला. “उद्या उघडून बघतो.”

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: गेलेल्या माणसाचं काम जपायचं असेल, तर ते बंद करून ठेवू नये, त्याने जसं चालू ठेवलं होतं, तसंच पुढे चालू ठेवावं.