झाडाखालचे तण

दाट, सदाहरित अरण्याच्या कडेला एकदा एक वृद्ध वनाभ्यासक आपल्या शिष्यासह राहत होते. दुर्मीळ वृक्ष शोधावेत आणि जमेल तसे वाचवावेत, हेच दोघांचे व्रत.

एके दिवशी शिष्याला दरीत एक अनोळखी वृक्ष सापडला. साऱ्या अरण्यात तसा दुसरा नव्हता. वृक्ष म्हातारा, खोडाला ढोली पडलेली, आणि खाली त्याचे एकही रोप नाही. हा गेला की वंशच बुडाला! शिष्याच्या जिवाला घोर लागला. तो रोज खुरपे घेऊन तिथे जाई आणि झाडाखालची जागा अंगणासारखी स्वच्छ करी. बिया पडत, पण रोप काही दिसेना. मग तो अधिकच जोमाने तण उपटी. उत्साही माणसांचे हे असेच असते. काम फसू लागले की ती तेच काम दुप्पट करतात.

एकदा गुरू तिथे आले. उपटलेल्या तणाचा ढीग त्यांनी बराच वेळ न्याहाळला. मग शिष्याच्या हातातले खुरपे घेतले आणि जवळच्या ओढ्याच्या डोहात भिरकावून दिले.

“आजपासून या झाडाखाली पाऊल टाकायचं नाही.”

“पण गुरुजी, माझं चुकलं काय?”

“ते मलाही अजून कळलेलं नाही,” गुरू म्हणाले आणि चालू लागले.

शिष्य चक्रावला. गुरुजी रागावले म्हणावे, तर आवाज शांत. वय झाले म्हणावे, तर बाकी सगळे ठिकाणावर. तो लांबूनच पाहत राही. झाडाखाली रान माजले, आणि त्याच पावसाळ्यात वादळाने वृक्ष उन्मळून पडला.

शिष्य ढसाढसा रडला. “तुमच्या हट्टापायी वंश बुडाला हो त्याचा!” असे नको तेही बोलून गेला. गुरूंनी ऐकून घेतले.

पुढच्या वर्षी गुरू त्याला हाताला धरून तिथे घेऊन गेले. पडलेल्या खोडाजवळ, आता मोकळ्या झालेल्या उन्हात, झुडपांच्या गर्दीत एक कोवळे रोप उभे होते. त्याची खालची पाने बोटांसारखी चिरलेली. वरची नवी पाने मात्र अखंड, हुबेहूब त्या वृक्षाची.

शिष्याने ती चिरलेली पाने ओळखली. तण म्हणून तो रोज हीच रोपे उपटत असे.

“गुरुजी, तुम्हाला हे ठाऊक होतं?”

“नाही रे. ढिगात एकाच तऱ्हेची पानं पुष्कळ दिसली, शंका आली, इतकंच. ज्याला आपण नीट ओळखत नाही, त्याची पोरं कशी ओळखणार? कळेपर्यंत हात आवरावा, एवढंच सुचलं. वृक्ष पडला तेव्हा मीही फार घाबरलो होतो. शंका खोटी ठरली असती तर?”

शिष्याने विचारले, “गुरुजी, अशी मी किती उपटली असतील?”

“ते राहू दे,” गुरू हळूच म्हणाले. “आधी पाय जपून उचल. तुझ्या टाचेशी आणखी एक आहे.”