नवसाबाईचा हात

ऐकायचं असेल तर नीट मांडी घालून बसा, आणि मधूनमधून हुंकार द्या. हुंकाराशिवाय माझी गोष्ट पुढं सरकत नाही. तर, डोंगरावरचा साग जेव्हा माणसाशी बोलायचा, तेव्हाची ही गोष्ट. आपलं करंजखोरं तेव्हाही इथंच होतं, खिंडीखाली, आणि खिंडीत वर करंजाईचं देऊळ.

गावात सुताराचं एकच घर होतं, आणि त्या घरात हैबती. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा, तशातली गत! हैबतीनं केलेला पाट डुगडुगायचा. हैबतीनं बसवलेलं दार वारा यायच्या आधीच वाजायचं. माणूस मात्र लाखात एक. भजनाला उभा राहिला की भांडणाऱ्या जावाजावासुद्धा गप्प बसायच्या. म्हणून गाव त्याला सांभाळून घ्यायचं.

या हैबतीचं लग्न झालं नवसाबाईशी. तीही सुताराचीच लेक. तिच्या बापाला मुलगा नव्हता, म्हणून त्यानं सगळी विद्या लेकीच्या हाती दिली होती. लग्नात रुखवत मांडलं, तेव्हा लाडू-करंज्यांच्या शेजारी एक लाकडी पेटी आली. बायकांनी हौसेनं झाकण उघडलं, तर आत करवत, वाकस, पटाशी आणि रंधा! हैबतीच्या आईनं, रंगूबाईनं, कपाळावर हात मारला.

"अगं बया! सून आणली का सुतार आणला?"

त्या काळी एक समजूत होती की बाईचा हात रंध्याला लागला तर लाकडाला कीड लागते. कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. पण रंगूबाईनं पेटी उचलून माळ्यावर टाकली, आणि नवसाबाई मुकाट भाकऱ्या थापायला बसली. भाकऱ्या गोल व्हायच्या, पण तिचा जीव त्या माळ्यावर होता.

मग एकदा रंगूबाईची रवी मोडली. हैबतीनं नवी करून दिली, तीही मोडली. पुन्हा केली, तर त्या रवीनं ताकाचा डेराच फोडला. घरभर ताक, आणि ताकात उभी रंगूबाई! ती लेकावर तोंडसुख घेत होती, तेवढ्यात नवसाबाई गुपचूप माळ्यावर चढली. तिनं रवी केली. ती रवी ताकात फिरवली आणि लोणी वर आलं ते थेट डेऱ्याच्या तोंडापर्यंत आलं, असं म्हणतात. आता मला सांगा, एवढ्या लोण्यापुढं सासूपण टिकतं होय?

दुसऱ्या दिवशी रंगूबाईनं आपल्या हातानं म्हैस अंगणात बांधली आणि अर्धा गोठा मोकळा करून दिला.

"घे, ही तुझी जागा. पण बाहेर कळता कामा नये हो, नाहीतर गाव आपल्याला इथं राहू देणार नाही."

नवसाबाईला काय आनंद झाला म्हणून सांगू! तिनं गोठा शेणानं सारवला. उगवतीच्या भिंतीला झरोका पाडला, म्हणजे सकाळचं ऊन नेमकं कामावर पडावं. पाटलाच्या मळ्यात जांभळाचा ओंडका पडून होता, तो हैबतीकडून ओढून आणवला आणि त्यावरच ठोकाठोकीची बैठक केली. भिंतीत खुंट्या ठोकल्या. हत्यारं आपल्या हाताच्या उंचीला टांगली, कुणा बाप्याच्या नाही. मग ती मधोमध उभी राहिली, आणि एकटीच हसत सुटली. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःची जागा मिळाली होती.

तेव्हापासून घराची तऱ्हाच बदलली. नवसाबाई मागं गोठ्यात काम करायची, आणि हैबती पुढं पडवीत बसून रिकाम्या ठोकळ्यावर हातोडा आपटायचा, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटावं की मालक कामात आहेत. तोंडानं अभंग, हातानं ठकठक. मागून रंध्याची सरसर त्याच तालावर यायची. रंगूबाई भुशानं चूल पेटवायची आणि सुनेला म्हणायची, "पोळपाट झाला का गं? आता एक चौरंग कर. आणि हे बघ, माझ्या माहेरी मोर असलेली फणी होती..." रंध्यातून निघालेली सालं तिथं पडली की त्यांची फुलं व्हायची, आणि म्हैस ती खाऊन सुगंधी दूध द्यायची, असं म्हणतात. खरंखोटं म्हशीला ठाऊक.

गावाला वाटलं, हैबतीवर करंजाईची कृपा झाली. पाळणे काय, नांगर काय, सगळं कसं रेखीव! आणि इथंच घोटाळा झाला. शिदोजी पाटील खुद्द दारात आला आणि म्हणाला, "हैबती, चैत्राच्या जत्रेला देवीची नवी पालखी तुझ्या हातची. तीन हात लांब, दोन हात रुंद."

हैबती तसाच मागं गोठ्याकडं धावला. कारण करंजखोऱ्याची रीत कडक होती. नव्या पालखीत देवीचा मुखवटा बसवायचा, समोर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायचा, आणि पालखी खिंडीच्या पायऱ्यांवरून खाली आणायची. पाणी सांडलं तर देवीला सुतार पसंत नाही. मग त्याचं बलुतं जायचं, घर जायचं, गाव सुटायचं. आधीच्या सुताराचं घर याच पाण्यात वाहून गेलं होतं.

"गोठा जाईल गं तुझा," हैबती बायकोला म्हणाला. त्याला स्वतःच्या घरापेक्षा तिच्या गोठ्याचं वाईट वाटलं. असा नवरा होता तो!

"जाऊ द्यायला का केलाय?" नवसाबाई म्हणाली, आणि पदर खोचून डोंगरावर गेली. ती फणसाच्या झाडांना हात लावत फिरली, आणि एका झाडानं आपणहून फांदी खाली ठेवली, असं म्हणतात. जत्रा येईस्तोवर ती गोठ्यात रमली. दांडीला वेल कोरली, कठड्याला चिमण्या कोरल्या. काम भीतीचं होतं, पण तिला भीती आठवतच नव्हती.

जत्रेच्या सकाळी पालखी देवळापुढं आली. लोकांचे डोळे दिपले. पण पाटील मोठा चिकित्सक. त्यानं कोपरापासून बोटांपर्यंत आपला हात पालखीवर ठेवून मोजलं, आणि ओरडला, "आखूड! पालखी आखूड आहे!"

आता रीत अशी की हात म्हणजे करणाऱ्या सुताराचा हात. पाटलानं हैबतीचा हात धरून पालखीवर ठेवला. तरी पालखी आखूडच. सगळीकडं कुजबुज सुरू झाली. नवसाबाईला आत्ता उमगलं. माप घेताना सवयीनं तिनं आपलाच हात ठेवला होता! नवऱ्याचा हात घ्यायचा हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"हा हात कुणाचा?" पाटलानं दरडावून विचारलं.

तेव्हा गर्दीतून रंगूबाई पुढं आली. तीच, जिनं पेटी माळ्यावर टाकली होती.

"माझ्या सुनेचा हात आहे! तुमच्या पाळण्यांतही तोच आणि नांगरांतही तोच. कुठं कीड लागली का, दाखवा मला!"

पाटील लाल झाला. "पाणी काय ते सांगेल," तो म्हणाला. "सांडलं, तर आजच गाव सोडायचं."

गुरवानं मुखवटा आणला. जुन्या पालखीत चहूबाजूंनी धडपे कोंबावे लागायचे, तरी देवी कलंडायची, आणि लोक म्हणायचे, रुसली. आज गुरवानं मुखवटा ठेवला, आणि देवी अशी बसली, जसं लेकरू आईच्या मांडीत. इकडं बोट शिरेना, तिकडं बोट शिरेना.

"अरे, देवी बाईच की!" गुरव म्हणाला. "इतकी वर्षं तिला बाप्यांच्या मापात बसवलं आपण!"

पालखी उठली. हैबतीनं अभंग धरला. पायऱ्या उतरताना भोयांचे पाय जमिनीला लागत नव्हते, दांडीवरची वेल हिरवी झाली, कठड्यावरच्या चिमण्या चिवचिवल्या, असं म्हणतात. नवसाबाई काही बघत नव्हती. ती फक्त तांब्याकडं बघत होती. खाली आल्यावर पाटील वाकला. तांब्या काठोकाठ भरलेला, आणि पाण्यात देवीचं हसरं तोंड. पाटलानं पागोटं काढलं, नवसाबाईपुढं ठेवलं, आणि म्हणाला, "बाय, गोठ्यात नको आता. चावडीशेजारी जागा घे."

"नको," नवसाबाई म्हणाली. "माझं ऊन गोठ्यात येतं."

लोक हसले, आणि रंगूबाई पदरात तोंड घालून रडली.

तेव्हापासून आपल्या गावात पाळणा असो, दार असो, पलंग असो, सुतार आधी घरच्या बाईला हाक मारतो, "बाय, हात दे." ती आपला हात लाकडावर ठेवते, आणि तेच माप. त्यामुळं करंजखोऱ्याचे पलंग जरा आखूड असतात. बाहेरगावचे उंच जावई येतात, त्यांचे पाय पलंगाबाहेर लोंबतात, आणि ते सकाळी कुरकुरत उठतात. गाव त्यांना चहा देतं, गूळ देतं आणि सांगतं, "जावईबापू, पाय आखडून झोपा. माप काही बदलायचं नाही."