सांडणीचा रवंथ

फार पूर्वी, निरोप उंटाच्या पाठीवरून जात त्या काळी, एका गावात एक सांडणीस्वार राहत होता. सांडणी म्हणजे पळण्यात तरबेज उंटीण. याच्या सांडणीचं नाव हरणी. पंचक्रोशीत तिच्याइतकी वेगवान सांडणी नव्हती आणि तिच्या स्वाराइतका उतावळा माणूसही नव्हता.

त्याचं बूड म्हणून कधी टेकायचं नाही. काम असो नसो, अंगात वारं भरलेलं. बायको पाट मांडून ताट वाढायची आणि हा गडी दारातच उभा राहून चतकोर भाकरी तोंडात कोंबायचा, वर ठेचा, वर गटागटा तांब्याभर पाणी.

“अहो, बसा की जरा. घास चावून तरी खा,” ती म्हणायची.

“बसायला वेळ कुणाला आहे? पोटात गेल्याशी कारण!”

दिवसभर उपाशी हिंडायचं, रात्री अधाशासारखं जेवायचं आणि हात धुऊन लगेच आडवं व्हायचं. परसाकडे जायची वेळ झाली तरी ‘नंतर बघू’ म्हणून खोगीर कसायचं. मग पोट फुगायचं, करपट ढेकर यायचे, छाती जळायची. त्यावर याचा एकच उपाय, चिमूटभर ओवा आणि पुन्हा पळापळ.

हरणीचा मात्र त्याला भारी राग. चारा खाल्ला की ती निवांत बसून डोळे अर्धे मिटायची आणि रवंथ करायची.

“किती चघळशील गं भवाने? गिळ आणि ऊठ!” हा ओरडायचा. हरणी ढिम्म हलायची नाही.

“तिला तरी सुखानं खाऊ द्या,” बायको आतून म्हणायची.

एका श्रावणात पावसाने नुसती झोड उठवली. दुपारी डोंगरावरच्या तळ्याचा राखणदार धापा टाकत आला.

“स्वारदादा, बांध पाझरायला लागलाय! रात्र काढेल असं वाटत नाही. खालच्या वाडीला सांगा, सगळ्यांनी टेकडीवर जा म्हणावं!”

स्वाराच्या काळजात धस्स झालं. खालच्या वाडीत त्याची बहीण राहत होती, नुकतीच बाळंत झालेली. जन्मभर उगीच घाई केलेल्या माणसावर आता खऱ्या घाईची वेळ आली होती.

त्याने हरणीवर टांग टाकली. पण आदल्या रात्री गावजेवणात न चावता गिळलेलं सगळं पोटात दगडासारखं बसलेलं. हरणी उठली आणि पहिल्याच धक्क्याला अशी कळ आली, की त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. वेशीपर्यंतही गेला नाही, तोच पोट धरून खाली घसरला. पुन्हा चढायला गेला, पुन्हा कळ. पायी धावू पाहिलं, तर दोन पावलांत खाली बसला.

“माझी बहीण… तिचं लेकरू…” एवढंच तो म्हणत राहिला.

बायको धावत आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, हरणीकडे पाहिलं आणि पदर खोचला.

“अगं, तुला जमायचं नाही!”

“तुम्हाला जमतंय का? रोजचा चारा मीच घालते तिला. ओळखते ती मला.”

हरणी तिच्यासाठी गुडघे टेकून बसली, ती चढली आणि दोघी पावसात दिसेनाशा झाल्या.

राखणदाराने स्वाराला घरी आणून निजवलं. आता पळायला काही उरलं नव्हतं, नुसती वाट बघायची. त्याला ते कधी जमलंच नव्हतं. तो तळमळत राहिला, कान वेशीकडे लावून. तिन्हीसांजेला बांध फुटल्याचा आवाज आला, तेव्हा त्याने उशीत तोंड खुपसलं.

सकाळी बायको परतली, चिखलाने माखलेली.

“सगळी टेकडीवर आहेत. वन्सं, बाळ, गुरंसुद्धा. घरं तेवढी गेली.”

स्वार लहान मुलासारखा रडला. मग काही दिवस मऊ भात आणि ताक यांवरच राहिला.

पोट ताळ्यावर आलं, तसे बायकोने शेजारी शेजारी दोन पाट मांडले. तो बसला. भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून हळूहळू चावू लागला आणि थबकला.

“आज आमटीत काय घातलंस? वेगळीच चव आलीय.”

“काही नाही,” ती म्हणाली. “रोजचीच आहे.”

बाहेर हरणी रवंथ करत बसली होती. तिला कुणी ऊठ म्हटलं नाही.

तात्पर्य: घाईने गिळून वाचवलेला वेळ पोट विसरत नाही, नेमक्या अडीनडीला ते तो परत मागतं.