महाराजांच्या खांद्यावरचे काजळ

"काजूच्या चिकाचा हात बाळाला लावू नकोस," असे सासूबाईंनी बजावले होते. मी ते कानाआड केले. माझे बाळ रांगू लागले, तेव्हा त्यांनी सांगितलेली ही कथा मला सारखी आठवू लागली.

कृपानाथ महाराज एका चैत्रात सोनखोलच्या देवळात उतरले होते. महाप्रसादाला ओल्या काजूगरांची उसळ करायची, म्हणून भागीरथी खोतीणबाईंनी घरी कामाला येणाऱ्या आनशीला अंगणात बिया सोलायला बसवले. कच्च्या बीचा चीक कातडी जाळतो, हात काळे करतो. हाताला राख चोळून एकेक गर अलगद सोडवावा लागतो.

समोर काजूच्या सावलीत आनशीचे पोर गोधडीवर होते. ते रडले की तिचे हात पुढे होत, चीक दिसला की थांबत. देवळातून टाळ ऐकू येत होते.

"वयनी, एकदा दर्शन घेवन येतंय."

"त्या काळ्या हातांनी? एवढी ओढ आहे तर महाराजांनाच बोलाव पोर सांभाळायला," म्हणत खोतीणबाई देवळात गेल्या.

आनशी नाम घेत सोलत राहिली. मान वर केली तेव्हा पोराने गळून पडलेले काजूचे तांबडे बोंड उचलले होते आणि त्याला लटकलेली कच्ची बी तोंडात घातली होती. ती धावली. पण बोट घालावे तर चिकाने जीभ भाजेल, न घालावे तर बी फुटेल. हात तसेच अधांतरी राहिले.

"महाराज, माजे हात असे आसत. तुमीच घेवा त्येका."

इकडे देवळात महाराजांनी निरूपण थांबवले. रिकामे हात पुढे केले, काही उचलून खांद्याशी धरले आणि थोपटू लागले.

"वय झाले हो," खोतीणबाई शेजारणीला कुजबुजल्या.

महाराज म्हणाले, "खोतीणबाई, तुम्हीच बोलावलेत ना पोर सांभाळायला?" त्यांनी मूठ उघडली. तळव्यावर ओली बी होती, तिच्यावर दोन इवल्या दातांचे ठसे. पांढऱ्या उपरण्यावर खांद्यापाशी काजळ लागले होते.

खोतीणबाई धावत घरी आल्या. पोर गाढ झोपले होते, गालावरची तीट पुसली गेली होती. आनशी दूर बसून नुसती बघत होती. खोतीणबाईंनी खोबरेल आणून तिचे हात स्वतः पुसले आणि त्याच हातांपुढे डोके टेकले.

"जा दर्शनाला. उरलेल्या बिया मी सोलते."

"आदी पोराक घेतंय," आनशी म्हणाली.

तुमच्या शेजारी अशी कुणी असेल, हात कामात आणि जीव बाळात, तर आत्ताच जरा डोकावून या. बाळ कुठे आहे, एवढे तरी बघा.