तेराव्या टोल्याचा केस

एका राज्यात एक नगर होते. त्याला बारा दरवाजे होते आणि दर दरवाजावर एकेक घंटा होती. पहिल्या घंटेला सा धरले तर तिचा जो पंचम, म्हणजे प, त्या स्वराची दुसरी घंटा. दुसरीचा जो पंचम, त्या स्वराची तिसरी. अशी ही स्वरांची साखळी नगराला वेढा घालून पुन्हा पहिल्या दरवाजाशी येई. वसंतोत्सवाच्या सकाळी बारा टोले ओळीने पडत आणि तेरावा पुन्हा पहिल्या घंटेवर पडे.

आणि तिथेच घोटाळा होता. बाराव्या घंटेचा पंचम कानात धरावा, तर तो पहिल्या घंटेहून केसभर चढा निघे. केसभर म्हणजे अगदी केसभरच! ते अंतर ऐकू येणारी माणसे साऱ्या राज्यात दोन: घंटा ओतणारा सिदोबा ओतारी आणि त्याची लेक सारजा. सिदोबाने चाळीस वर्षे कानशीने घंटा घासल्या. एकीकडे जुळवावे तर दुसरीकडे फाटे. पण ही गोष्ट त्याने मनातच ठेवली होती.

सारजेचा कान तिखट, जीभ त्याहून तिखट. यंदाच्या उत्सवाला सात देशांचे राजे पाहुणे आले होते. तेरावा टोला पडला आणि ही बया भर सभेत हसून ओरडली, "बाबा, यंदाही केसभर उरलं!"

पाहुणे फिदीफिदी हसले. राजा विजयध्वजाचा चेहरा लाल झाला.

"ओतारी," राजा म्हणाला, "पुढच्या पौर्णिमेला स्वरांचे वर्तुळ जुळलेले हवे. नाहीतर तुझ्या बाराही घंटा वितळवीन."

सिदोबा मान खाली घालून घरी आला. लेकीला एका शब्दानेही बोलला नाही, आणि तेच सारजेला फार लागले. पौर्णिमा जवळ आली तशी ती साच्यासाठी चिकणमाती आणायला नदीवर गेली, म्हणजे नव्या घंटा तरी ओतता येतील. खांद्यावर तिची एकतारी होती. ती तिच्यावाचून पाऊल टाकत नसे.

मातीची पाटी घेऊन परत येते तो काय! नगराला दरवाजाच नव्हता. जिथे पहिला दरवाजा होता तिथे सलग दगड, दुसऱ्या जागी तेच, बाराव्या जागी तेच. नदीचा पाट पहिल्या दरवाजाखालून आत जाई, तोही भिंतीशी तुंबला होता.

भिंतीवर एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "सारजे, तुझ्या बापाने कंकाली चेटकिणीला बोलावले. तिने ते उरलेले केसभर अंतर चिमटीत पकडले, डबीत घातले आणि नेले. वर्तुळ नेमके जुळले. जुळले ते असे जुळले की फट म्हणून राहिली नाही."

"आणि आतली माणसं?"

"हौदात तीन दिवसांचे पाणी आहे. तुझा बाप पहिल्या घंटेखाली बसला आहे. आपल्या वाटणीचे पाणी तो लहान मुलांना देतो."

पाटी तिथेच टाकून सारजा म्हणाली, "वाट दाखव."

पुढे साळुंकी, मागे सारजा. काटे लागले, ठेचा लागल्या, थांबते कोण! दुसऱ्या दिवशी सूर्य डोक्यावर यायच्या आत ती कंकालीच्या डोंगरावर पोहोचली.

"काय मागतेस?" कंकालीने विचारले.

"माझ्या बापाने दिलेला केस."

"त्याने तो आपण होऊन दिला."

"माझ्या जिभेने त्याला पुरतं लाजवलं, म्हणून दिला. चूक माझी, मीच निस्तरते."

कंकाली हसली. "मग तीन कामे कर. या गुहेत शंभर तारा गुणगुणत आहेत. नव्याण्णव एका स्वराच्या, एक वेगळी. ती तोड, म्हणजे पुढची वाट उघडेल. भलतीच तोडलीस तर तू एकशे एकावी तार होशील."

सारजा गुहेत शिरली. सगळ्या तारा एकच स्वर बोलत होत्या. तिने एकतारी त्याच स्वराला मिळवली आणि ती एकेका तारेजवळ धरून छेडली. दोन स्वर तंतोतंत मिळाले की ते शांत राहतात; किंचित फरक असला की थरथरतात, आणि फरक जितका कमी तितकी थरथर संथ. हे ओताऱ्याच्या घरचे पहिले शिक्षण. एक्याऐंशीव्या तारेपाशी स्वर हळूच फुगला, ओसरला, पुन्हा फुगला. "सापडलीस गं बाई!" सारजा ओरडली आणि तिने तार तोडली.

पुढे तळे होते. तळ्याकाठी नाग वेटोळे घालून बसला होता आणि त्याच्यासमोर पाण्याचे तीन वाडगे मांडले होते. कंकालीचा आवाज आला, "वाडग्यांत षड्ज, गंधार, पंचम लाव. नाग डोलून झोपला तर पुढे ये."

षड्ज लागला, पंचम लागला. गंधारासाठी सारजेने घरची रीत धरली: पंचमाचा पंचम, त्याचा पंचम, त्याचाही पंचम, आणि आलेला स्वर खाली पहिल्या सप्तकात आणला. वाडगा वाजवताच नागाने फणा काढला आणि तो फुत्कारला! सारजा एक पाऊल मागे सरली. बापाने चाळीस वर्षे हेच केले होते, साखळीच्या हिशेबावर भरवसा ठेवला होता. तिने एकतारी कानाला लावली. तारेच्या गुंजनात, कुणी न लावता, एक गंधार आपोआप बोलत होता, आणि तो तिच्या वाडग्यापेक्षा जरा उतरलेला होता. पाणी वाढले की वाडग्याचा स्वर उतरतो; तिने ओंजळीतून वाडग्यात पाणी सोडले. एक थेंब, दोन थेंब, तिसरा. वाडगा वाजवला. नाग डोलला, आणि घोरू लागला.

तळ्यापलीकडे कंकाली डबी घेऊन उभी होती.

"तिसरे काम म्हणजे एक प्रश्न. हा केस नेऊन ठेवशील कुठे? एका घंटेत घातलास तर ती घंटा लांडग्यासारखी रडेल. बारांत वाटलास तर बाराही किंचित खोट्या होतील. नीट विचार करून सांग."

सारजेच्या मनात आले: वाटून टाकावा, कोणाला कळणार? पण तिला कळले असते, आणि बापालाही. तिला दिसला तो पहिला दरवाजा, तिथून शिरणारे पाणी, ये-जा करणाऱ्या बैलगाड्या.

"कोणत्याच घंटेत नाही," ती म्हणाली. "बारावी संपते आणि पहिली पुन्हा सुरू होते, त्या दोघींच्या मधे. पहिल्या दरवाजाच्या उंबरठ्यावर. तो तिथलाच आहे. तेवढी जागा उरते म्हणूनच माणसाला आत-बाहेर करता येतं."

कंकालीने डबी तिच्या हातात ठेवली. "चाळीस वर्षांत तुझ्या बापाला हे सुचले नाही," ती म्हणाली आणि धूर होऊन गेली.

तिसऱ्या दिवशी सारजा भिंतीशी आली तेव्हा ऊन उतरू लागले होते. "आत जा," ती साळुंकीला म्हणाली, "बाबांना सांग, टोले वाजवा. तेरावासुद्धा."

साळुंकी गेली आणि लगेच परतली. "राजा म्हणतो, पुन्हा केसभर उरले तर पाहुणे हसतील. तुझा बाप म्हणाला, हसू द्या महाराज, हसायला ते आत तरी येतील. राजाने होकाराची मान हलवली आहे!"

घण्ण! पहिला टोला पडला. मग दुसरा, तिसरा. स्वर भिंतीच्या आतून नगराभोवती धावू लागला आणि सारजेचे काळीज त्याच्यामागे धावू लागले. नववा. दहावा. अकरावा. डबीच्या झाकणावर तिने बोटे टेकवली. आधी उघडली तर केस वाऱ्यावर जाणार, उशीर झाला तर वर्तुळ पुन्हा मिटणार.

बारावा टोला पडला. त्याचा पंचम तिने कानात धरला, आणि तेरावा पडायच्या आत डबी उघडली.

तेरावा टोला पडला आणि जुळला नाही. हवेत संथ थरथर उठली. दगड थरथरला, त्यात केसाएवढी चीर पडली, चिरेची फट झाली, फटीचा दरवाजा झाला. बाराही दरवाजे धडाधड उघडले! तुंबलेला पाट खळाळत आत शिरला, आणि नगरातली सगळी पोरे ओरडत त्यात उतरली.

उंबरठ्यावर सिदोबा उभा होता. ओठ सुकलेले, हातात घंटेचा हातोडा.

"जुळलं का गं?" त्याने विचारले.

"नाही, बाबा," सारजा म्हणाली आणि तिला रडूच कोसळले. "केसभर उरलं."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा सिदोबा तेरावा टोला ऐकून हसला. त्याने लेकीचा हात धरून तिला आत घेतले.

राजाने सातही देशांना पुन्हा आमंत्रणे धाडली. तेव्हापासून त्या नगरात तेरावा टोला पडला की राजापासून पाणक्यापर्यंत सगळे एका आवाजात ओरडतात, "उरलं!" आणि मगच उत्सवाच्या मिरवणुकीसाठी दरवाजे उघडतात.

बारा दरवाजांची ही कहाणी तेराव्या टोल्याशी थांबली; उरली ती केसभर जागा, ऐकणाऱ्याने आत यावे म्हणून.