काळे तळवे

"लोक का येत नाहीत, बाबा?"

निकुंभ साहेब पायरीवरच बसले होते. वनखात्याचे रेंजर. पायांत लांब, दोऱ्यांचे बूट. ते काढायचा कंटाळा, म्हणून धुनीपाशी न येता पायरीवरूनच विचारणं.

चेतनगीर बाबांनी धुनीतलं लाकूड थोडं पुढे सारलं. आमचे बाबा असेच. समोरचा माणूस प्रश्न विचारून घामाघूम होतो आणि हे लाकूड सारत बसतात. मी मठात चहा-भाकरीचं बघतो, त्यामुळे मला सवय आहे. साहेबांना नव्हती.

"मजुरी देतो म्हटलं. जेवण देतो म्हटलं. पोडावर गाडी पाठवली, भोंग्यावरून सांगितलं. एक माणूस दाराबाहेर आला नाही."

पोड म्हणजे टेकडीखालची कोलामांची वस्ती. मागच्या उन्हाळ्यात या टेकडीची एक बाजू जळाली. गवत वर्षानुवर्षं साठून कंबरेच्या वर गेलेलं. वणवा झाडांच्या शेंड्यापर्यंत चढला. पणज्यांच्या वेळची मोहाची झाडं उभीच्या उभी जळाली. पोड वाचलं ते वारा फिरला म्हणून, कोणाच्या हुशारीनं नाही. आता उरलीय दुसरी बाजू, आणि ती बरोबर पोडाच्या डोक्यावर आहे.

तेव्हा कुठे खात्याला पटलं. दव पडतंय तोवरच गवत पट्ट्यापट्ट्यानं जाळून मोकळं करायचं, आणि पोडाला सोबत घेऊन करायचं, असा वरून हुकूम आला. वरातीमागून घोडं, पण आलं. अडचण एकच. दवाचे दिवस संपत आले होते, आणि सोबत कोणी येत नव्हतं.

"तुम्ही सांगा ना त्यांना," साहेब म्हणाले. "तुमचा शब्द ते मोडत नाहीत."

"नाही मोडत."

"मग?"

"एकदा सांगितलं होतं."

"काय?"

बाबांनी धुनीतली राख सारखी केली.

"पाय दाखवा म्हणून."

साहेबांनी मान खाली घातली. म्हणजे आठवत होतं.

तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. हे गवत जाळायचं काम पोड पिढ्यान् पिढ्या करत आलं होतं. नाईक, म्हणजे पोडाचा म्होरक्या, धुनीतून पेटतं लाकूड घेऊन जायचा. दिवस मावळताना आग लावायची, रात्रीच्या दवानं ती विझायची. पण विझली असं नुसतं म्हणून चालत नसे. पहाटे सगळे पुरुष अनवाणी राखेतून चालायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठे निखारा राहिला असेल तर तो पायालाच कळणार. मग काळे तळवे घेऊन मठात यायचे आणि बाबा स्वतः तांब्यानं त्यांचे पाय धुवायचे.

एका वर्षी ते पोचायच्या आधीच निकुंभ मठात येऊन थांबले. तेव्हा ते नवे होते, तरणेबांड, साधे गार्ड. त्यांना जंगल वाचवायचं होतं. खोटं कशाला बोलू, मनापासून वाचवायचं होतं.

"आग कोणी लावली?" माणसं आली तसं त्यांनी विचारलं.

कोणी बोलेना. तेव्हा बाबाच म्हणाले, "अरे, आपल्याला काय लपवायचंय? दाखवा साहेबांना पाय."

जैतू नाईक सगळ्यांत पुढे होता. त्यानं भिंतीला हात टेकला आणि पाय वर केला. कसा केला म्हणाल, तर शाळेतलं पोर पाटी दाखवतं तसा. हसत होता.

पाय धुवायचे राहूनच गेले, आणि काळे तळवे दिसले तेवढ्यांवर केस झाली. जे त्या पहाटे राखेत चालायचं चुकवून घरी झोपून राहिले होते, त्यांचे पाय स्वच्छ. ते सुटले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी या डोळ्यांनी पाहिलं. जैतू तारखांना जात राहिला, कोर्टाच्या बाकावर म्हातारा झाला. टेकडीवर पुन्हा चढला नाही. कोणीच चढलं नाही. गवत वाढत गेलं, आणि वणवा नाही म्हणून साहेबांना बढती मिळत गेली.

मागच्या पावसाळ्यात जैतू गेला.

"कायदा होता, बाबा," साहेब हळू म्हणाले.

"होता."

"मी माझं काम केलं."

"केलंस."

"मग आता माफी मागू तरी कोणाची? तो तर राहिला नाही..."

बाबांनी लाकूड पुढे सारलं. मग म्हणाले, "आग लावून पळून जायचं सोडून माणूस राखेत कशाला चालेल, असं तुझ्या मनात आलं नाही त्या दिवशी?"

"नाही."

"माझ्याही मनात नाही आलं, की काळे पाय म्हणजे गुन्हा असं तू समजशील."

साहेब उठले. जाताना चिडलेले होते. "कोणी नाही आलं तर मी करतो. माझी दोन माणसं आहेत. छोटा पट्टा आजच लावतो." बाबांनी धुनीतून एक पेटतं लाकूड काढून त्यांच्या हाती दिलं. साहेबांना ते धरता येईना. चटका बसत होता. मीच फडकं गुंडाळून दिलं.

संध्याकाळी टेकडीच्या कडेला धूर दिसला. पोडावरची माणसं आपापल्या अंगणात उभी राहून बघत होती. पुढे मात्र कोणी आलं नाही. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, आणि इथे तर बापासारख्या जैतूचं आयुष्य पोळलं होतं.

उजाडताना साहेब मठात आले. अंगावर काजळी, डोळे लाल. पण खूश होते.

"विझली, बाबा. सगळी विझली. एक झाड लागलं नाही. आता तरी त्यांना सांगा."

बाबा म्हणाले, "पाय दाखव."

साहेब थांबले. पायांतल्या बुटांकडे पाहिलं. मग पायरीवर बसून दोऱ्या सोडल्या, मोजे काढले. तळवे पांढरेफटक. रात्रभर बुटात घाम येऊन सुरकुतलेले.



साहेब तसेच अनवाणी उठले आणि टेकडीकडे निघाले. बूट पायरीवरच राहिले. मी हाक मारणार होतो, वाटेत काटे फार आहेत म्हणून. बाबांनी मला नजरेनंच गप्प केलं.

परत आले तेव्हा ऊन चढलं होतं. लंगडत होते. डाव्या पायाला मोठा फोड. या वेळी पायरीवर थांबले नाहीत, सरळ धुनीपर्यंत आले.

"नव्हती विझली," ते म्हणाले. "एका वठलेल्या झाडाच्या बुंध्यात धग होती. वरून काही दिसत नव्हतं. पाय पडला तेव्हा कळलं. माती टाकून विझवली. दुपारी वारा सुटला असता, तर पोड..."

डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी पाय पुढे केला. कोळशासारखा काळा.

बाबांनी तांब्या उचलला. पाणी भरलेलं होतं. किती वर्षांनी उचलत होते ते मला ठाऊक आहे, कारण घासत मीच होतो. तांब्या साहेबांच्या पायावर नेला आणि तसाच धरून राहिले. मग त्यांनी तो परत खाली ठेवला.

"हे पाणी जैतूचं राहिलंय," ते म्हणाले. "तू असाच पोडावर जा. त्याच्या बायकोच्या दारात उभा राहा आणि पाय वर कर."

साहेब गोंधळले. "आणि त्यांनी दार लावून घेतलं तर?"

"तर परत ये. उद्या पुन्हा जा."

"विचारलं, कोणी पाठवलं, तर काय सांगू?"

बाबा धुनीकडे बघत राहिले. लाकूड सारलं नाही...

"म्हणावं, ज्यानं जैतूला पाय दाखवायला लावले, त्यानंच."